मराठवाड्यात समुद्रफुलं : बबल टिप ॲनेमोनी पाळणं, वाढवणं आणि वाटणं

खारा_लातूरकर

बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) साचलेत. लातूरच्या उन्हात ॲनेमोनी, म्हणजे फुलासारखा दिसणारा हा समुद्री प्राणी, जगतो का, एकाचे दोन कसे होतात, आणि विकत देता का. शेवटच्याचं उत्तर आधी: विकत नाही, फुकट देतो, पण टाकीचे आकडे बघून. बाकीच्यासाठी हा धागा.

मी बोलतोय ते फक्त बबल टिपबद्दल, एन्टॅकमिया क्वाड्रिकलर. पुढे बीटीए लिहीन. मोठ्या ॲनेमोनींमध्ये घरच्या टाकीत आपणहून दुभंगून वाढणारा आणि त्यातल्या त्यात सोशिक असा हाच. दुकानात नुसतं ‘ॲनेमोनी’ म्हणून जे दाखवतात तो बरेचदा कार्पेट नाहीतर सीबे या दुसऱ्या जातीचा असतो, समुद्रातून उचलून आणलेला. कार्पेट थाळीपेक्षा मोठा होतो, मासे गिळतो आणि घरात त्याची पिल्लावळ होईल ही आशा सोडा. पांढराफटक दिसला तर अंगातलं शेवाळ गेलेलं आहे. भडक पिवळा किंवा निळा दिसला तर बहुतेकदा रंगात बुडवून काढलेला आहे. दुकानदार असले स्वस्तात देतो, आणि का देतो ते महिनाभरात कळतं. घेताना तोंड बघा, ते घट्ट मिटलेलं हवं. पाय, म्हणजे खालची चकती, काचेला पक्का धरलेला हवा. टेंटॅकलला, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या सोंडांना, काहीही लागलं की चिकटलं पाहिजे.

आता उन्हाचं. सगळे सांगतात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्या. मी घेतलेला नाही. टाकी १५० लिटरची, उत्तरेच्या भिंतीला, वर झाकण नाही, आणि पाण्यावर तिरके मारणारे दोन छोटे पंखे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. १५० लिटर खाऱ्या पाण्याच्या हिशेबात ते जवळजवळ ४ अंश झाले. खोलीची उष्णता परत आत शिरतच असते, त्यामुळे पूर्ण ४ मिळत नाहीत, पण खोली ३४ असताना टाकी २७-२८ ला थांबते. कुलर मुंबईत निकामी आणि आपल्याकडे राजा, ते ज्या कोरड्या हवेमुळे, त्याच हवेमुळे हे पंखे चालतात. म्हणजे ज्या उन्हाला सगळे घाबरतात ते आपल्या बाजूचं आहे. खरी पंचाईत पाऊस लागल्यावर. हवा दमट, पंखा नुसता फिरतो, पाणी काही उडत नाही. तेव्हा खोलीच ३० च्या आत असते म्हणून निभावतं.

बीटीएला २४ ते २७ अंश मानवतं. ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की तो आतलं शेवाळ बाहेर टाकायला लागतो. ते शेवाळ एकपेशीय, उजेडावर साखर तयार करून त्याला पोसणारं. ते गेलं की तो पांढरा पडतो आणि उपाशी मरायला लागतो, लगेच नाही, हळूहळू.

पंख्यांची किंमत मात्र मिठात मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज ३ लिटर उडतंय आणि आठवडाभर तुम्ही लग्नाला गावी गेलात, तर १५० चे १२९ लिटर उरले. क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून ४० च्या वर. मासा कसाबसा सोसेल, ॲनेमोनी नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी पडलं पाहिजे, खारं नव्हे. मी वर कॅन ठेवून कुलरचा फ्लोट व्हॉल्व्ह लावलाय. घेताना पूर्ण प्लास्टिकचाच घ्या. बाजारात पितळी दांडीचे जास्त मिळतात, आणि पितळात तांबं असतं. तांब्याचा अंश जरी उतरला तरी ॲनेमोनी, कोळंबी, गोगलगाय सगळं संपतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, तेही या टाकीत कधीच नको.

वाढ कशी होते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. रात्री फुगून बसलेला असतो. मग पायाची एक बाजू दगडाच्या एका कडेला सरकते, दुसरी उलट्या कडेला. मधलं अंग ताणत ताणत इतकं पातळ होतं की त्यातून पलीकडचा दगड दिसतो. तोंडाची चीर लांबते. कुठल्या तरी क्षणी फाटतं. सकाळी दोन असतात, दोघांची एकेक बाजू कातरल्यासारखी आणि तोंड कडेला आलेलं. ती कड आत वळते, कडेला कड मिळते, आणि आठ-पंधरा दिवसांत तोंड परत मधोमध. तेवढे दिवस खायला घालू नका, उजेड आणि प्रवाह जसा आहे तसाच ठेवा.

पोट भरलेला बीटीए मोठा होऊन दुभंगतो, तसा घाबरलेलाही दुभंगतो. एकदम अर्धं पाणी बदललं, क्षारता झटकन खाली गेली, की फाटतो. त्यातून निघालेली दोन अशक्त असतात. काही जण मुद्दाम असं करतात. मला ते पटत नाही. आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा द्या, बर्फातली, साधी, मीठ-हळद न लावलेली. सुकट-जवळा नको. मोठा घास दिला तर रात्री अर्धवट पचलेला गोळा परत बाहेर टाकतो आणि पाणी नासतं.

आणि टाकी सुरू करून सहा महिने व्हायच्या आत आणू नका. अमोनिया, नायट्राइट शून्य झालं म्हणजे टाकी तयार झाली असं मासेवाले मानतात. ॲनेमोनीला पुढचं स्थैर्य लागतं, आज जे आकडे तेच पुढच्या महिन्यात.

गोदाकाठ

दादा, धागा वाचनखूण केला. नांदेडात आमच्या बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ११०० आहे. घरच्या आरओतून ६० येतो. तो चालेल ना? आणि मीठ म्हणून समुद्री खडे मीठ चालेल का, ते पण समुद्रातलंच की.

खारा_लातूरकर

खडे मीठ नाही. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हव्या त्या प्रमाणात नसतं. रीफ सॉल्ट म्हणून मिळतं तेच घ्या. लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. आदल्या दिवशी बादलीत कालवून पंप लावून ठेवायचं, टाकीत कालवायचं नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. काट्याच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारा) घ्या आणि तो ३५ क्षारतेच्या द्रावणावर जुळवून घ्या.

आरओचं पाणचक्की नीट सांगतील.

पाणचक्की

बोलावलंत म्हणून आलो, नाहीतर वाचनमात्र होतो :)

गोदाकाठ, घरच्या आरओत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. वर मिनरलची नळकांडी असतात. तुमचे ६० त्यातूनच येत असणार. मेंब्रेनमधून निघालेलं पाणी कंट्रोलरच्या आधी टी लावून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं, एक भांडं जोडा. मीटरवर ० आलं पाहिजे.

लोक म्हणतात ६० ने काय होतंय. हिशेब करा. रोज ३ लिटर भरता, महिन्याला ९० लिटर, लिटरमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला ५.४ ग्रॅम काहीबाही टाकीत पडतं आणि ते उडून जात नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात खतांचं नायट्रेट उतरलेलं असतं, कुठे कुठे फ्लोराइड. पिणाऱ्याच्या शरीरातून निदान थोडंफार बाहेर पडतं, टाकीत साचतच जातं.

नळाच्या पाण्याला कार्बन फिल्टर पुढे लावाच. आमच्याकडे पाणी इतक्या दिवसांनी येतं की त्या दिवशी क्लोरीनचा वास अंगणापर्यंत येतो.

कोरडवाहू

समदं वाचलं. एक विचारू का, राग नका मानू. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सारा देश बघत होता. आमच्या बीडकडं अजून उन्हाळ्यात टँकर येतो. आन तुमी घरात समुद्र करायलाव, त्यात पंखे लावून पाणी उडवायलाव, वरून आरओनं तिप्पट पाणी फेकायलाव. हे कामून?

खारा_लातूरकर

राग कसला, बरोबर प्रश्न आहे. त्या साली मी लातुरातच होतो, भांडं घेऊन रांगेत. तेव्हा टाकी नव्हती, आणि तशी वेळ परत आली तर मोडून टाकेन, दुसऱ्याला देईन.

आकडे मांडतो. उडणारं महिन्याला ९० लिटर, बदलायचं ३० लिटर, एकूण १२०. आरओने एकास तीन फेकलं धरलं तर ३६० लिटर बाजूला पडतं. सगळं मिळून ४८० लिटर, दिवसाला १६, म्हणजे एक बादली. आमच्या हॉलमधला कुलर मे महिन्यात याहून जास्त पितो. आणि फेकलेलं ३६० लिटर फेकत नाही. भांडी, फरशी आणि संडासला तेच. कुलरला घातलं तर जाळ्यांवर क्षाराची खपली बसते, म्हणून त्याला नाही.

कोरडवाहू

ठीक हाय, बादलीचं पटलं. बदललेलं खारं पाणी कुठं टाकता?

खारा_लातूरकर

मोरीत.

कोरडवाहू

म्हंजी लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर ३० लिटरमागं किलोभर मीठ दर महिन्याला. मोरीचं पाणी परसात जात असंल तर तिथलं आळू-केळ मरंल, जमीन चोपण व्हईल. शोषखड्ड्यात जात असंल तर शेजाऱ्याच्या बोअरला. आमच्या कालव्याखालच्या खारावलेल्या जमिनी बघायला या एकदा. नगरपालिकेचं बंद गटार असंल तरच करा, हे धाग्यात वर लिहा.

पाणचक्की

+१. हे कुठल्याच मत्स्यालयाच्या चर्चेत कुणी लिहीत नाही. खेड्यात टाकी असेल तर खारं पाणी पसरट घमेल्यात गच्चीवर वाळवून मीठ कचऱ्यात द्या. आपल्या उन्हात किती वेळ लागणार. घमेलं लोखंडी नको, प्लास्टिकचं घ्या.

औंढ्याची_मैना

मी अगदीच नवीन. मुलाला तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवाय, क्लाऊनफिश. त्याला ॲनेमोनी लागतोच ना, नाहीतर तो मरेल असं दुकानातल्या दादांनी सांगितलं आणि दोन्ही मिळून भाव सांगितला.

मास्तर_उदगीर

मैनाताई, समुद्रात क्लाऊनफिशला ॲनेमोनीवाचून गत्यंतर नसतं, कारण बाहेर पडला की कुणीतरी खातो. तुमच्या टाकीत त्याला खाणारं कोण आहे? ॲनेमोनीशिवाय तो मजेत वर्षानुवर्षं जगतो. शिवाय तुमच्या मुलाला हवा असलेला ओसेलारिस जातीचा क्लाऊनफिश निसर्गात बबल टिपमध्ये राहतच नाही, त्याचे यजमान वेगळे. टाकीत नाइलाजाने म्हणा, आवडीने म्हणा, बबल टिप स्वीकारतो, पुष्कळदा स्वीकारतही नाही आणि पंपाच्या कोपऱ्यात संसार थाटतो.

क्लाऊनफिशची पैदास आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, सीएमएफआरआयने, त्याचं तंत्र बसवलेलं आहे. पैदाशीतले मासे मागा, समुद्रातले पकडलेले नको. एकच जोडी घ्या. मुलाला एक गंमत सांगा: हे सगळे नर म्हणून मोठे होतात, गटातला सगळ्यात मोठा मादी होतो, आणि ती मेली की तिचा नर मादी होतो.

माशाला वर्षभर सांभाळा, मग ॲनेमोनीचं बघा.

औंढ्याची_मैना

आभारी आहे सर. मुलगा आता ‘म्हणजे पप्पा आधी…’ असं विचारत बसलाय. पुढचं तुम्हीच सांभाळा.

नळदुर्गचा_किल्लेदार

मंडळी, पेढे घ्या!! माझ्याकडं न कापता, न खाऊ घालता पिल्लं झालेत. दुकानातनं दगड आणला होता, त्यावर एक होतं, आता वीसेक दिसायलेत. काचेवर पण आहेत. बारीक देठ, तपकिरी, आरपार दिसणारं, वर पातळ टोकदार टेंटॅकल. हात नेला की सटकन आत जातंय. खारादादा म्हणतात सहा महिने थांबा, इथं तर बिनकष्टाचं पीक आलंय.

पाणचक्की

पेढे ठेवा. टेंटॅकलच्या टोकाला फुगा आहे का? देठ लांब, तोंडाची चकती छोटी, आणि स्पर्श होताच बिळात?

नळदुर्गचा_किल्लेदार

फुगा नाय. बाकी सगळं हो.

पाणचक्की

ऐप्टेशिया. हाही ॲनेमोनीच, पण खाऱ्या टाकीतलं गाजर गवत. हाताने उपटू नका, ब्लेड लावू नका, ब्रशने घासू तर अजिबात नका.

मास्तर_उदगीर

का नको ते सांगतो. ऐप्टेशिया सरकताना पायाच्या चकतीचे बारीक तुकडे मागे सोडत जातो आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. तुम्ही घासलं की तेच काम तुम्ही त्याच्यासाठी करता. बबल टिप उभा दुभंगतो, हा पायाच्या चिंध्यांतून वाढतो. दोन्ही अलैंगिक, पण वेग पाहा.

नळदुर्गचा_किल्लेदार

आयला. मग दगड बाहेर काढून उकळू का पातेल्यात?

पाणचक्की

थांबा!! दगड उकळू नका, कुणीच नका. त्यावर झोआंथिड जातीचे बटण पॉलिप (बटणासारखे दिसणारे, प्रवाळाच्या नात्यातले छोटे प्राणी) असले तर त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. वाफेतून ते श्वासात जाऊन घरच्या घरं दवाखान्यात भरती झालेली आहेत. घासणं, ड्रिल करणं, गरम पाणी ओतणं, सगळं टाळा.

दगड सुटा असेल तर तो दगडच काढून टाकणं सगळ्यात सोपं. नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट, पंप बंद करून, सिरिंजने अलगद त्याच्या तोंडावर. तो घास समजून गिळतो. एका वेळी चार-पाचच, कारण पाण्याचा पीएच वर चढतो. किंवा लिंबाचा रस थेट अंगात टोचा. पुढे पेपरमिंट कोळंबी मिळाली तर सोडा, ती उरलेलं खाते, पण खरीच पेपरमिंट आहे ना ते बघून.

नळदुर्गचा_किल्लेदार

पानाचा चुना चालंल? तो तर टपरीवर आहे.

पाणचक्की

मूळ पदार्थ तोच, पण टपरीच्या चुन्यात आणखी काय कालवलंय ते कोण सांगणार. शाळा-कॉलेजला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतो. डोळ्याला चष्मा लावा.

गोदाकाठ

अवांतर: किल्लेदार, पेढे नांदेडला पाठवा, आम्हाला ऐप्टेशिया चालतो, पेढेही चालतात.

मूळ मुद्दा. कापून वाढवायचं कुणी लिहिलंच नाही. व्हिडिओत तर सर्रास ब्लेडने कापतात.

पाणचक्की

मी कापतो. खारादादांना आवडत नाही हे माहीत आहे.

बीटीए किमान तळहाताएवढा, भरगच्च फुगणारा, रंग गडद, पाय घट्ट. असाच निवडायचा. मोठ्या पसरट भांड्यात टाकीचंच पाणी. तोंड वर करून ठेवायचा, नवं ब्लेड, आणि तोंडाच्या बरोबर मधून एका दमात खालपर्यंत. करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही. प्रत्येक अर्ध्याला तोंडाचा भाग आणि पायाचा भाग मिळाला तरच जगतो. मग दोघांना जाळीच्या वेगळ्या डब्यात, मंद प्रवाहात. चिकट धागे सुटतात, पाणी गढूळ होतं, म्हणून मूळ टाकीत कधी कापायचा नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. बोटाच्या कातडीला फारसं जाणवत नाही, डोळ्याला गेलं तर फार त्रास.

हे फक्त बीटीएचं. मॅग्निफिका, कार्पेट, सीबे या बाकीच्या जातींना ब्लेड दाखवू नका. रॉक फ्लॉवर ॲनेमोनी दुभंगत नाही, त्याची पिल्लं नर-मादीपासून होतात.

खारा_लातूरकर

पद्धत बरोबर लिहिली आहे, मी कुणाला खोटं पाडत नाही. पण कापणाऱ्याला घाई कसली असते ते मला माहीत आहे, पुढच्याला देऊन पैसे करायचे असतात. निरोगी बीटीए तसाही दुभंगतो. दुभंगत नसेल तर टाकीत त्याला काहीतरी कमी आहे, नाहीतर तो एकटाच मोठा होणाऱ्यांपैकी आहे. उथळ पाण्यातले लहान राहून झुंडीने पसरतात, खोल पाण्यातले एकेकटे, मोठे. दुसऱ्या प्रकारातला हाती लागला तर त्याला कापून झुंड करण्यात काय मिळवायचं?

पाणचक्की

पैसे मीही घेत नाही हं. समुद्रातून एक कमी उचलला जावा म्हणून कापतो. दुकानात घरचा वाढलेला मिळायला लागला तर हा वाद आपोआप मिटेल. तोवर तुमची वाट बघायची तयारी सगळ्यांची नसते.

मास्तर_उदगीर

वाट बघण्यावरून आठवलं. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल नावाच्या निसर्ग अभ्यासकाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक ॲनेमोनी उचलून काचेच्या बरणीत ठेवला. साधा लाल किनारी ॲनेमोनी, ॲक्टिनिया इक्वायना. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, ॲनेमोनी राहिला. एकाकडून दुसऱ्याकडे असा वारसाने फिरला, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणायचे, आजीबाई. १८८७ मध्ये मेला. म्हणजे नुसत्या बरणीत ५९ वर्षं, ना पंप, ना दिवे. समुद्राचं पाणी मात्र नियमित बदललं जायचं. त्या काळात शेकड्याने पिल्लं दिली. पेशींची झीज भरून काढण्याची यांची क्षमता अशी आहे की वार्धक्य नावाची गोष्ट यांच्यात ठळक दिसतच नाही. मरतात ते आपल्या हलगर्जीपणाने.

गोदाकाठ

५९ वर्षं! मृत्युपत्रात नाव घालावं लागेल.

सर, तो ॲनेमोनी थंड पाण्याचा ना? आपल्या कोकणात खडकात असतात, मी पाहिलेत. दिवाळीत मालवणला जाणार आहे, दोन-चार बरणीत आणू का? सोबत जिवंत दगडही.

मास्तर_उदगीर

आणू नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि देशात कुठेही असो, दगड बनवणारी प्रवाळं, सागरी पंखे वगैरे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. ‘जिवंत दगड’ म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच तुकडा. त्याऐवजी कोरडा मानवनिर्मित दगड घ्या, जिवाणू त्यावर टाकीतच बसतात, फक्त वेळ लागतो. कोकणातले भरती-ओहोटीतले ॲनेमोनी बबल टिप नव्हेत. ते तिथेच ओहोटीला वाकून बघा. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, वाटेत मुलांना दाखवा.

गोदाकाठ

ठीक. रद्द.

शेवटचं: लाइट जाते तेव्हा? आमच्याकडे वादळी पाऊस झाला की रात्र जाते.

खारा_लातूरकर

दिवे गेले तर चिंता नको, एक-दोन दिवस अंधारात ॲनेमोनीला काही होत नाही, समुद्रातही ढग असतातच. प्रवाह थांबला की प्रश्न. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात हालचाल बंद. आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. लाइट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) आणि एक पंखा. दिवे आणि हीटर इन्व्हर्टरवर नको.

वेव्हमेकरवरून राहिलेलं: त्याला जाळी किंवा स्पंज बसवल्याशिवाय ॲनेमोनी सोडू नका. जागा आवडली नाही की तो चालायला लागतो, रात्रीत टाकीच्या या टोकाचा त्या टोकाला. पात्यात गेला तर त्याचा कीस होतो आणि त्या विषाने बाकी सगळं मरतं. पहिल्या आठवड्यात दिवे निम्म्यावर, प्रवाह मध्यम, आणि तुम्ही हात आत घालून त्याची जागा बदलत बसू नका. तो निवडेल ती जागा.

गोदाकाठ

मग माझं नाव यादीत घाला. टाकी १२० लिटर, दहा महिन्यांची, फ्लोट व्हॉल्व्ह या रविवारी बसवतो. प्लास्टिकचाच.

खारा_लातूरकर

घातलं. सध्या एक छोटा उलट्या मातीच्या कुंडीवर बसलाय, तो कुंडीसकट देईन म्हणजे पाय सोलायची भानगड नाही. सोलताना पाय फाटला तर जगणं कठीण. दोन-तीन दिवस आधी खाणं बंद करतो, नाहीतर पिशवीत घाण करतो. थोडं पाणी, जास्त हवा, थर्माकोलचा डबा, रात्रीची एसटी. नांदेडला उतरवून घेतल्यावर पिशवी तरंगत ठेवून थेंब थेंब पाणी दोन तास. पण दसऱ्यानंतर. आत्ताच्या उकाड्यात बसमध्ये नको.

पाणचक्की

थर्माकोलचा डबा माझ्याकडे पडून आहे, पाठवतो. गोदाकाठ, त्याआधी कंट्रोलर काढल्यावरचा टीडीएस आणि टाकीचं नायट्रेट इथे टाका.

गोदाकाठ

टीडीएस ४ आला. डीआय अजून लावलेलं नाही. नायट्रेटचं किट मागवलंय, आलं की टाकतो.